इंग्रज धावतो, आपण चालतो

इंग्रजी भाषेचा आपल्या मध्यमवर्गीय घरांतून जो धाक आहे, तो तिच्यातल्या लांबलचक शब्दांमुळे आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मला ते पटत नाही. लांबलचक शब्द स्वभावाने गरीब असतो. त्याचा एक अर्थ असतो, तो पाठ केला की काम झाले. खरा दगा देतात ते दोन-तीन अक्षरांचे चिमुरडे शब्द. ‘रन म्हणजे धावणे’ असे मूल पहिल्याच पुस्तकात घोकते, आणि मग हा ‘रन’ जन्मभर नवनवी सोंगे घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो.

घोकलेल्या त्या एका अर्थावर विसंबून पाहा, म्हणजे कशी गंमत उडते ते कळेल. सर्दी झाली की इंग्रजाचे नाक धावते. स्वयंपाकघरातला नळ धावतो. धुण्यात नव्या कपड्याचा रंग धावतो. टक्कल त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या धावते. घरातली साखर संपली की मंडळी साखरेच्या बाहेर धावतात, रस्त्यात जुना मित्र अवचित भेटला तर त्याच्या आत धावतात, आणि दगदगीने अंगात त्राण उरले नाही, म्हणजे बिचारा माणूस जागच्या जागी ‘खाली धावतो’!

या धावपळीची मोजदाद करणारी माणसेही इंग्रजांत आहेत. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत निघाली, तेव्हा ‘सेट’ हा शब्द सर्वांत मोठा मानला गेला. त्याचे 430 अर्थ भरले होते. पुढे पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार ‘रन’ घेऊन बसले. नऊ महिने त्यांनी त्या एका शब्दापाशी काढले. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो! गिलिव्हरसाहेबांच्या हाती आले ते एका क्रियापदाचे 645 अर्थ. ही गोष्ट 2011 साली जाहीर झाली आणि ‘सेट’ची गादी गेली. ‘रन’ नाम म्हणून जे अर्थ दाखवतो, ते यात धरलेलेच नाहीत.

आता एवढे अर्थ आले कुठून? या शब्दाच्या मुळातच दोन गोष्टी होत्या, पायांनी धावणे आणि पाण्याने वाहणे. नाक आणि नळ यांचा उलगडा तिथेच होतो. पुढे इंग्रजांच्या देशात यंत्रे आली, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या. ज्याला म्हणून गती होती, त्या प्रत्येकाला त्यांनी हाच एक शब्द बहाल केला. आज संगणकातला प्रोग्रॅम जागचा हलत नाही, पण इंग्रजीत तोही धावतो.

आणि आपण? आपण या बाबतीत अगदी शांत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. एवढे धुराचे लोट सोडणारे प्रकरण डोळ्यांपुढे आले तरी मराठी माणूस विचारणार काय, तर “हे चालतं कसं?” आपली गिरणी चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, कोर्टात खटला चालतो आणि फाटकी नोट चालत नाही. ॲगाथा ख्रिस्तीबाईंचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये 1952 साली रंगभूमीवर आले. साथीमुळे 2020-21 मध्ये पडलेला खंड सोडला, तर ते सत्तर वर्षांहून अधिक काळ इंग्रजीत धावले. आपल्याकडे असते, तर नाटक ‘बरं चाललंय’ एवढेच आपण म्हटले असते.

निवडणुकीची तऱ्हा आणखी निराळी. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, इंग्लंडातला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. पण आपल्याकडे त्याला ‘बसवण्याची’ सोय आहे, ती त्या दोघांकडे नाही.

धावण्यात आपण अगदीच मागे आहोत असेही नाही. क्रिकेटमधल्या ‘रन’ला आपण ‘धाव’ म्हटले आणि तिथे मराठीने बाजी मारली. शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असल्या, म्हणजे त्या धावांसाठी आपण देवाचा धावा करतो. एका ‘धावा’त अशी दोन कामे उरकणे गिलिव्हरसाहेबांच्या ‘रन’लाही जमायचे नाही.

‘रन’चा एक अर्थ मात्र फार गंभीर आहे. बँकेची शंका आली की ठेवीदार पैसे काढायला एकदम गर्दी करतात, त्यालाही इंग्रजीत ‘रन’च म्हणतात. या धावण्याला कोणी हसत नाही. 1960 साली आपली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलई सेंट्रल बँक, अशा दोन बँका बुडाल्या. त्यानंतर सरकारने कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विम्याचे संरक्षण दिले. तेव्हा ते दर ठेवीदारामागे 1,500 रुपयांपुरते होते, 2020 साली ते 5 लाखांवर गेले. दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट काढू नये हे खरे. पण लोकांवर अशी धावायची पाळी येऊ नये, म्हणूनच ही व्यवस्था आहे.

मला खरे बोलायचे आहे ते मात्र घराविषयी. इंग्रजीत घरही ‘रन’ करतात आणि आपण ते ‘चालवतो’. आपल्या घरांतून ‘घर कोण चालवतं?’ असे विचारले, तर पगार आणणाऱ्याचे नाव पुढे येते. दूध, वाणसामान, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे औषध, पाहुण्यांची उठबस हे सगळे जी पाहते, ती पगार आणत असो वा नसो, तिच्या वाट्याला या क्रियापदाचे एकच रूप येते. ते म्हणजे ‘चालेल’.

माझी आई इंग्रजी शिकली नव्हती, पण हा शब्द तिच्याकडून मी इतक्या अर्थांनी ऐकला आहे! “मला कडेची पोळी चालेल.” म्हणजे मऊ तुम्ही घ्या. “खिडकीपाशी तू बस, मला इथं चालेल.” म्हणजे तुला बाहेरचे बघायचे आहे, हे मला ठाऊक आहे. “साडी कशाला? मागच्या वर्षीची आहे की, चालेल.” म्हणजे तुझ्या फीचा हप्ता भरायचा आहे. आणि दिवाळीत डबे भरून झाल्यावर परातीत उरलेल्या मोडक्या करंज्या पुढे ओढीत, “मला मोडकी चालते रे.” म्हणजे काय, ते पुष्कळ वर्षांनी, माझ्याच घरात माझी पत्नी तेच वाक्य बोलली तेव्हा माझ्या नीट ध्यानात आले.

मोल्सवर्थसाहेबाने 1831 साली आपल्या भाषेचा एवढा मोठा कोश छापला. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड त्याला कोण घेणार होते? हे अर्थ गोळा करायचे काम आपल्यालाच करायला हवे आणि त्याला नऊ महिने लागत नाहीत. यंदा फराळाच्या ताटावर कोणी “मला काहीही चालेल” म्हणाले, तर ताट पुढे सरकवण्याआधी एवढेच विचारावे, “चालेल ते राहू दे. तुला आवडतं काय?”

उत्तर यायला थोडा वेळ लागेल. हा प्रश्न ऐकायची त्यांना सवय नसते.