अंगण खरेच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण नवशिक्याला गप्प बसवण्यासाठी फार सोयीची आहे. आपल्या शहरातील एका केंद्रात मी पिस्तूल नेमबाजी शिकू लागले, तेव्हा ती मला अनेकदा ऐकावी लागली. पॉइंट टू-टूचे एकच अर्धस्वयंचलित पिस्तूल आम्ही सहाजणी आळीपाळीने वापरीत होतो. चाप ओढताना मध्येच काहीतरी खरखरे आणि गोळ्या खाली, डावीकडे जात. “तू बोटाला झटका देतेस,” असे सर म्हणत. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी तिकडे जाण्याचे ते नेहमीचेच कारण आहे. म्हणून मीही स्वतःला दोष देत राहिले. ज्यांच्या घराण्यात असली वस्तू कधी कोणी हातात धरली नाही, त्यांना तिच्यावर शंका घेण्याचा धीर होत नाही.

वास्तविक शंका घेतल्याशिवाय दोष सापडत नाही. खरखर नेमकी कोठे लागते, हे आधी पाहावे. चापाची सुरुवातीची सैल चाल अडखळत असेल, तर वाळलेले तेल, मळ किंवा घासणारी स्प्रिंग यांचा संशय घ्यावा. घोडा सुटण्याच्या ऐन क्षणी चाप रखडत असेल, तर घोड्याला अडवून धरणारा सिअर व घोड्याची खाच तपासावी लागते. कधी रखडतो, कधी नाही, असे असेल तर बहुधा मळ किंवा सैल झालेला स्क्रू. टू-टूच्या शिशाच्या गोळीला मेणासारखे वंगण असते. प्रत्येक बारानंतर पिस्तुलाचा मागचा भाग आपोआप उघडतो आणि काजळी आत शिरते. त्यामुळे हे पिस्तूल लवकर मळते.

उपायांचाही क्रम आहे. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री, जाणत्याच्या देखरेखीखाली सफाई, सांध्यांना थेंबभर तेल, आणि मग पुन्हा परीक्षा. एवढ्याने भागले नाही, तरच आर्मोररकडे जावे. कानस लावण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. सिअरचा कडक थर घासला गेला की आतले मऊ पोलाद भराभर झिजते, आणि चाप न ओढताही गोळी सुटू शकते. चाप हलका असणे आणि गुळगुळीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापाचा भार किमान १००० ग्रॅम असावाच लागतो. वजन टांगून तो तपासतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तेव्हा हवा असतो तो निर्मळ चाप, नुसता हलका नव्हे.

यावर कोणी म्हणेल, असे केल्यास प्रत्येक नवशिक्याला सबब मिळेल. मला हे पटत नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनु भाकर यांचे पिस्तूलही बिघडले होते. मग सहाजणींच्या हातून फिरणाऱ्या पिस्तुलाची काय कथा? जाणत्या नेमबाजाने पाच मिनिटे चाप ओढून पाहिला, तर सबब आणि तक्रार यांतील फरक कळतो.

आमच्याकडे अखेर एका ज्येष्ठ खेळाडूने पिस्तूल उघडले. आत काळा चिकट थर साचला होता. सफाईनंतर खरखर गेली. माझ्या गोळ्या तरीही थोड्या डावीकडे जात राहिल्या. तेवढा दोष माझ्या बोटाचा होता, आणि आता तो मला स्पष्ट दिसू लागला. परंतु तोवर आमच्यातील दोघींनी ‘आपल्याला हे जमणारे नाही’ म्हणून येणे सोडले होते.

गाडीचे चाक करकरू लागले की शेतकरी आधी आसाला वंगण घालतो, बैलावर आसूड उगारीत नाही. प्रत्येक केंद्राने सफाईची एक वही आणि एक किलोचे वजन ठेवावे, आणि नेम धरायला शिकवण्याआधी पिस्तूल पुसायला शिकवावे. अंगण सरळ आहे याची खात्री करून मग खुशाल आम्हांला नाच शिकवावा.