दम कमावण्याचं वय

कोल्हापुरात एखाद्याची तारीफ करायची म्हणजे "गड्यात दम आहे" म्हणायचं. तालमीतला पैलवान असो नाहीतर शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमकडून पळणारा पोरगा, शेवटी बघायचं काय, तर दम किती टिकतो. पण हा दम कमवायचा कधी, याचा हिशोब कोण करतो? या आठवड्यात फुफ्फुसांवरच्या संशोधनाबद्दल थोडं वाचलं, आणि आपल्या पंचविशी ओलांडलेल्या आयटी जमातीसाठी बातमी काही फार चांगली नाही.

गणित साधं आहे. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात साधारण ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. जन्माच्या वेळी ते त्या मानाने थोडेच असतात, बहुतेक सगळे नंतर तयार होतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तर झपाट्याने. त्यानंतर फुफ्फुसांची ताकद वाढत जाते ती विशी-पंचविशीपर्यंत. मग उतार सुरू. जोरात फुंकर मारली की पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती धडधाकट माणसातही दरवर्षी २५-३० मिलिलिटरने कमी होत जाते. म्हणजे असा पीएफ समजा, ज्यात पंचविशीनंतर भरणा बंद आणि फक्त काढणं चालू.

मग शरीर दुरुस्ती करत नाही का? करतं ना. वायुकोशांच्या अस्तरात टाइप-टू नावाच्या पेशी असतात. इजा झाली की त्या वाढतात आणि नवं अस्तर घालतात. सिगारेट सोडली की घसरणीचा वेगही कमी होतो. पण गेलेला दम बहुतेक परत येत नाही. भिंतीला गिलावा होतो, पडलेल्या खोल्या पुन्हा उभ्या राहत नाहीत.

इथवर ठीक आहे, म्हातारपण कुणाला चुकलंय? खरा धक्का पुढे आहे. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार. आपली समजूत अशी की बिड्या ओढून फुफ्फुसं भराभर झिजतात आणि हा आजार होतो. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. त्यात माणसांच्या फुफ्फुसांच्या नोंदी अनेक वर्षं ठेवल्या होत्या. सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची घसरण इतरांसारखीच होती! फरक एवढाच, की चाळिशीच्या आधीच त्यांची शिल्लक कमी होती. खातं भरायच्या वयातच भरलं गेलं नव्हतं.

आता आपल्याकडे बघू. १७ देशांमधली फुफ्फुसं मोजणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, उंची, स्त्री-पुरुष हे सगळं जमेला धरूनही दक्षिण आशियातल्या लोकांचा आकडा युरोप-अमेरिकेपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी निघाला. यातला काही भाग शरीराच्या ठेवणीचा असेलही. पण फुंकर मोजायच्या यंत्रात, म्हणजे स्पायरोमीटरमध्ये, वर्षानुवर्षं काय चाललं? वंश निवडा, की 'नॉर्मल'चा आकडाच खाली सरकतो आणि रिपोर्ट येतो ओके. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. टेस्ट पास होत नाही ना, मग अपेक्षित उत्तरच बदलून टाका! अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये ही वंशाची दुरुस्ती सोडून द्या असं सांगितलं. बरं झालं. कारण कमी दमाला 'नॉर्मल' म्हटलं, की तो कमी का, हे विचारायचं कारणच उरत नाही.

का, याचं एक मोठं उत्तर आपल्या चुलीत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की जगात धूम्रपान करणारे साधारण १०० कोटी, पण लाकूड-शेणी-पाचोळ्याचा धूर घेणारे ३०० कोटी. सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर गावोगाव पोचले. पण चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी मागच्या दारच्या बंबात, हे आपल्याकडे कितीतरी घरांत अजून चालतं. बंब पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, आणि शेजारी उबेला बसलेली पोरं. त्यांचं भरणा करायचं वय हेच आहे.

हवा सुधारली तर खरंच फरक पडतो का? पडतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात ११ ते १५ वयाच्या मुलांच्या तीन पिढ्या मोजल्या. हवा स्वच्छ होत गेली तशी पंधराव्या वर्षी फुफ्फुसं अशक्त असणाऱ्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ वर आलं. चीनमधल्या शुआनवेई इथे तर नुसतं चुलीला धुराडं लावल्यावर सीओपीडीचं प्रमाण उतरलं. औषध नाही, स्टेम सेल नाही, धुराडं!

म्हणून माझं म्हणणं असं, की फुफ्फुसांवरचा खर्च साठीतल्या इनहेलरपेक्षा आधी सहाव्या वर्षी व्हायला हवा. शाळेत पोरांची उंची-वजन मोजतात, तशी वर्षातून एकदा फुंकरही मोजा, आणि आकडा कमी आला तर 'आपल्याकडे असंच असतं' म्हणू नका, घरातली चूल बघा.

आणि आपण? वीकेंडला गाडी काढून 'चुलीवरचं मटण' खायला जाणारे आपणच. चव असते, नाही कोण म्हणतंय! पण त्या चुलीपुढे दिवसभर एक बाई भाकरी थापत असते, आणि बरेचदा तिचं पोर तिथंच खेळत असतं. पुढच्या वेळी ऑर्डर देताना मालकाला एवढं विचारा, "दादा, धुराडं का नाही लावलं?" दहा टेबलांवरून हाच प्रश्न आला, की लावेल तो. गिऱ्हाईकाचं ऐकतातच.