दोन तासांचं विमान, दिवसभराचा प्रवास

औंधच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे : "लेक दिल्लीला असते. तिचं पहिलं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं आहे. जावई म्हणतात, 'आई, आधीपासून येऊन अडकू नका. पुण्याहून विमान दोन तासांचं. कळा सुरू झाल्या की फोन करतो, लगेच निघा.' मला इन्शुलिन चालू आहे. जमेल का हो?"

ताई, जावयांचं खोटं नाही, पण त्यांनी हिशेब केला तो फक्त विमानाचा. आपण बायकांनी तो आपल्या उंबरठ्यापासून लेकीच्या उंबरठ्यापर्यंत करावा.

पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने दीड तासात पोचायला हवं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना रांगेत थांबणं धरून सव्वादोन तास लागतात. तिकिटावर लिहिलेला वेळ तो हाच.

आता बाकीचं मांडा. औंधहून रहिमतपूर, सातारा करत पुण्याचा लोहगाव विमानतळ दीडशे किलोमीटरच्या वर. खंबाटकी घाट आणि पुण्यातली गर्दी धरून पाच तास हाताशी ठेवा. विमानतळावर दोन तास आधी पोचावं, कारण सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. दिल्लीत सामान मिळून घर गाठेपर्यंत दीड तास. बेरीज झाली पावणेअकरा तास!

शिवाय ऐनवेळी त्याच दिवसाचं तिकीट मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी महाग पडतं. बाळ काही आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच जा. जावयांना ही बेरीज कागदावर मांडून दाखवा. त्यांनाही पटेल.

विमान दुपारी दोनच्या सुमाराचं घ्या. मग सकाळी सातला निघून संध्याकाळी सहापर्यंत पोचाल. पहाटेचं विमान स्वस्त दिसलं, तरी सहाच्या विमानासाठी आदल्या रात्री अकराला घर सोडावं लागेल. यमाईचं दर्शन आदल्या दिवशीच उरका.

इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं. हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पोळी-भाजीचा डबा जवळ असू द्या, जेवणाची वेळ चुकवू नका. ओळखपत्र वरच्याच कप्प्यात ठेवा.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू खुशाल न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानात चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेण्याची भीती असते. त्या दिल्लीतच घ्या.