उलट्या म्हणजे डोहाळेच असं नाही!

मैत्रिणींनो, दिवस गेले की उलट्या होणार, पोटात थोडंफार दुखणार, हे आपण धरूनच चालतो. आमच्या शिरवण्यात शेजारच्या काकूंच्या सुनेला तिसरा महिना होता. पहाटे उजव्या ओटीपोटात एकदम कळ आली, पाठोपाठ उलट्या. काकूंनी ओवा दिला. तासाभराने दुखणं थांबलं, "वायूच होता" म्हणून सगळे निर्धास्त! दुपारी पुन्हा तीच कळ. उभंही राहवेना. रुग्णालयात कळलं, बीजांडकोशाला पीळ पडला होता.

मी तरी हे पहिल्यांदाच ऐकलं. गर्भ राहिल्यावर सुरुवातीला बीजांडकोशात पाण्याची गाठ होऊ शकते. बहुधा ती आपोआप जिरते. पण पाच सेंटिमीटरच्या वर वाढली, तर बीजांडकोश स्वतःभोवती फिरण्याचा धोका असतो. ओलं लुगडं पिळावं तशा रक्तवाहिन्या आवळल्या जातात. उजवीकडे हे जास्त होतं, म्हणून अपेंडिक्सचाही संशय येतो. पीळ जरा सैल झाला की कळ थांबते, आणि तिथेच आपण फसतो. सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नसेलच असं नाही, म्हणून दुखणं राहिलं तर डॉक्टरांना पुन्हा सांगा.

१९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. आता हे उपचार गावोगावी पोचलेत. त्यात इंजेक्शनांमुळे बीजांडकोश मोठे होतात, तेव्हा अशा बायकांनी जास्तच जपावं.

ऑपरेशन म्हटल्यावर काकूंनी हंबरडाच फोडला. पोटातल्या बाळाचं काय? डॉक्टर म्हणाले, थांबण्यातच धोका जास्त. दुर्बिणीतून पीळ सोडवला. काळानिळा पडलेला बीजांडकोशही पुष्कळदा पूर्ववत होतो, म्हणून तो लगेच काढत नाहीत. हिचाही वाचला, बाळही सुखरूप राहिलं.

तेव्हा एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलट्या असतील, तर मनाने गोळी घेऊ नका, शेकत बसू नका. रक्तस्राव किंवा भोवळ असेल तर मुळीच थांबू नका. निघताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. आणि हो, सोनोग्राफीचे जुने कागद सोबत घ्या. हिच्या पहिल्या कागदावर गाठीची नोंद होती, पण तो कपाटात साड्यांखाली राहिला होता.