मताला तारीख नाही, पाण्याला मात्र आहे

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये पार पडली. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त प्रतिनिधींवाचून प्रशासकाच्या हाती राहिलेल्या या शहरात अखेर मतदान झाले, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. गोवंडी-मानखुर्दच्या, मालवणीच्या, वडाळ्याच्या झोपडपट्ट्यांतील मतदारही त्या दिवशी रांगेत उभे राहिले. 'तुमची झोपडी कोणत्या सालची?' असा प्रश्न मतदान केंद्रावर त्यांना कोणी विचारला नाही. हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला तो नळजोडणीचा अर्ज घेऊन वॉर्ड कचेरीत गेल्यावर! मताला तारीख लागत नाही. पाण्याला मात्र लागते. मुंबईच्या नागरी राजकारणातील अन्यायाचे सारे मर्म या एका विसंगतीत साठलेले आहे.

या शहराच्या पालिकेत प्रौढ मतदानाचा हक्क १९४८ साली आला. तोपर्यंत मत हा कर भरणाऱ्यांचा आणि ठरावीक भाडे देणाऱ्यांचा मक्ता होता. स्वातंत्र्याने मालमत्तेची ही अट मतपेटीवरून काढून टाकली, परंतु ती नळावर तशीच राहिली. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला, १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास वाटण्यात आले, आणि त्यानंतर तारखांची एक मालिकाच सुरू झाली. १९७६, १९८०, १९८५, १९९५, २००० असे टप्पे पडत गेले. प्रत्येक तारखेने काही झोपड्यांना अभय दिले आणि त्यांच्याच भिंतीला भिंत लावून असलेल्या झोपड्यांना बेकायदा ठरवले. १९९६ च्या परिपत्रकाने तर १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणीच देऊ नये असे बजावले. ज्या वर्षी माणूस शहरात आला, त्या वर्षावर त्याची तहान खरी की खोटी हे ठरू लागले.

हे केवळ प्रशासनाचे कठोर वर्तन असते तर ते सुधारता आले असते. वस्तुतः तारीख ही राज्यकर्त्यांची गरज आहे. हक्क एकदा दिला की तो परत घेता येत नाही आणि त्याबद्दल कोणी ऋणी राहत नाही. कृपा मात्र दर पाच वर्षांनी नव्याने विकता येते. २००४ सालच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडीने २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन दिले. मते पडली, सत्ता मिळाली, आणि त्याच हिवाळ्यात मुंबईत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्यांवर बुलडोझर फिरवण्यात आला. विरोधी बाकांवरच्या पक्षांची कहाणी निराळी नाही. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली होती. ती घरे बांधण्याचे काम बिल्डरच्या नफ्यावर सोपवले गेले, आणि जिथे जमिनीला भाव नव्हता तिथे पुनर्वसनही झाले नाही. घोषणा कोणत्या पक्षाची, हा तपशील गौण आहे. अनिश्चितता टिकवून तिच्यावर मतांचे पीक काढण्याची रीत सर्वांची एकच आहे.

न्यायसंस्थेने या रीतीला काही प्रमाणात छेद दिला हे मान्य केले पाहिजे. १९८१ च्या भर पावसाळ्यात अंतुले सरकारने पदपथवासीयांना हुसकावले, त्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले; मात्र नोटीस देऊन झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा झोपडीत राहतो म्हणून कोणाला पाणी नाकारता येणार नाही असा निकाल दिला. परंतु अधिकृत इमारतीतील रहिवाशाच्या बरोबरीचा हक्क मात्र त्याला मागता येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. महापालिकेने त्यावर आधी २०१७ साली सवलतींपेक्षा अपवादच ठळक असलेले धोरण आणले, आणि २०२२ साली 'सर्वांसाठी पाणी' जाहीर केले. तेही मानवतेच्या दृष्टिकोनातून! म्हणजे हक्क म्हणून नव्हे, तर पुन्हा कृपा म्हणूनच.

पाणीच अपुरे आहे, असे उत्तर तत्परतेने दिले जाते. त्याचा हिशेब करून पाहावा. भातसा, तानसा, वैतरणा आदी तलावांतून मुंबईला दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळते. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी माणशी २६० लिटर येतात. त्यातील एक तृतीयांश गळतीत आणि चोरीत गेले असे मानले तरी १७० हून अधिक उरतात. तरीही पालिकेच्या मापदंडात इमारतीतील माणसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसाला ४५ लिटर अशी वाटणी होत आली. प्रश्न टंचाईचा नसून वाटपाचा आहे. ज्या शहापूर तालुक्यात हे तलाव आहेत तेथील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्यावरूनही पाणी कोणत्या दिशेने वाहते ते कळावे.

आणि ज्याला नळ नाही तो काही पाण्यावाचून राहत नाही. तो ते विकत घेतो. पालिका घरगुती वापराच्या हजार लिटरला दहा रुपयेही घेत नाही. वीस लिटरचा कॅन दहा रुपयांना पडला, तर हजार लिटरचे पाचशे रुपये होतात. म्हणजे शहरातील सर्वांत गरीब माणूस सर्वांत महाग पाणी पितो, आणि त्याचा पैसा पालिकेच्या तिजोरीत न जाता पाणीमाफियाच्या खिशात जातो. 'हे लोक फुकट खातात' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

झोपडीवासी कर भरत नाहीत, हा दुसरा लाडका आक्षेप. २०१७ पर्यंत जकात हे महापालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते, आणि जकातीचा भार मुंबईत मिठाची पुडी घेणाऱ्या प्रत्येकाने उचलला. जकात गेल्यावर तिच्या भरपाईची रक्कमही जनतेच्या करांतूनच येते. उलट २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या सदनिकांना मालमत्ता कर माफ आहे. तेथील मध्यमवर्गीयांना हा दिलासा मिळाला यात वावगे काही नाही. पण कर भरत नाही म्हणून त्यांचा नळ तोडा, असे कोणी म्हणत नाही! मग करभरणीचा निकष झोपडीच्या दारातच का आठवतो?

अतिक्रमणाचेही तसेच. कमाल नागरी जमीनधारणेचा १९७६ चा कायदा गरिबांच्या घरांसाठी जमीन मिळवण्याकरिता होता. महाराष्ट्राने तो २००७ साली मोडीत काढला. गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना देण्याचा १९९१ चा नियम २००१ साली अशा चतुराईने बदलला गेला की वाटून घ्यायला जमीन उरलीच नाही. कायदेशीर घराचे सारे दरवाजे आधी बंद करायचे आणि मग बेकायदा आलास म्हणून हाकलायचे, असा हा न्याय आहे.

ही विषमता नळापाशी थांबत नाही. तानसा जलवाहिनीलगत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना वाहिनीच्या सुरक्षिततेसाठी हलवण्यात आले. त्यांतील अनेकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी धाडले गेले. तेथील हवेचा आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवले होते. २०१९ साली उच्च न्यायालयाला हे थांबवावे लागले. दुसरीकडे तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून सागरी किनारा मार्ग उभा राहिला, आणि त्यावर दुचाकीला व रिक्षाला प्रवेश नाही. देवनारचा कचरा, माहुलचा धूर आणि टँकरची रांग पूर्वेला. समुद्राचा वारा पश्चिमेला!

गोरेगावात मृणाल गोरे यांनी रिकामे हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर आणले, तेव्हा पाणी हा राजकारणाचा विषय झाला. 'पाणीवाली बाई' ही उपाधी जनतेने त्यांना दिली, ती टँकर पाठवल्याबद्दल नव्हे, तर नळ हक्काने मागायला शिकवल्याबद्दल. आज नगरसेवक वाढदिवसाला टँकर पाठवतो आणि त्यावर आपले छायाचित्र लावतो.

नव्या सभागृहापुढे मागणी साधी असावी. पाण्यासाठी तारीख, जमीनमालकाची ना-हरकत आणि मानवतेची भाषा या तिन्ही अटी काढाव्यात. माणशी मापदंड सर्वांना एकच असावा. आणि कोणत्या वॉर्डाला रोज किती लिटर पाणी सोडले, ते वॉर्ड कचेरीच्या फलकावर लिहिले जावे. याला कृपाळू नगरसेवकाची गरज नाही, ठरावाची आहे. तो ठराव मांडणारे सभागृहात थोडे असतील. म्हणूनच वस्त्यांतील हंडे पुन्हा पालिकेच्या दारात वाजले पाहिजेत, आणि ते वाजवणाऱ्यांबरोबर समाजवादी कार्यकर्ता उभा असला पाहिजे.