घरातील यंत्रे : मुके झालेले खेळयंत्र

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी ही कारखान्यांची वस्ती लागते. लोखंडाचे कारखाने, मालमोटारींची वर्दळ आणि दारे कितीही मिटली तरी घरात शिरणारी काळी धूळ. तेथे माझ्या मावसबहिणीचे बिऱ्हाड आहे. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तो घरात विलक्षण शांतता. बारा वर्षांच्या भाच्याचे व्हिडिओ गेमचे यंत्र दोन दिवस सुरूच होत नव्हते. भावोजी हातात पेचकस घेऊन बसले होते आणि मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून.

"दादा, तू तरी बघ रे जरा," बहीण म्हणाली.

प्रथम मी पेचकस काढून घेतला. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. अशा यंत्रात ती शिरताच एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही काही काळ ती तेथे राहू शकते. तेव्हा यंत्राचे पोट उघडणे हे जाणकार कारागिराचेच काम.

मग यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचली. तिच्यावर '१००-२४० व्होल्ट' असे होते, म्हणजे चिंता नव्हती. परदेशातील आप्तांनी प्रेमाने आणलेल्या यंत्रावर मात्र केवळ १०० किंवा १२० हा आकडा असू शकतो. जपानमध्ये २००० साली निघालेले प्लेस्टेशन-२ तेथील १०० व्होल्टसाठीच होते. असे यंत्र आपल्या भिंतीतील विजेला थेट जोडले, तर ते पहिल्याच क्षणी जळण्याचा संभव असतो.

यंत्राची तार बदलून पाहिली. आठाच्या आकड्यासारख्या तोंडाची ही तार पुष्कळ रेडिओंनाही चालते, त्यामुळे शेजारून मिळाली. उपयोग झाला नाही. ज्या विस्तारफळीला, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डाला, यंत्र जोडलेले होते, तिच्यात टेबलावरचा दिवा लावून पाहिला. तो लख्ख पेटला. फळी निर्दोष ठरवून आम्ही मोकळे झालो, आणि येथेच मी चुकलो.

शेवटी मुलाजवळ जाऊन बसलो. "बंद पडले त्या वेळी तू काय पाहिलेस? मी रागावणार नाही."

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, लाल दिवा लागला, टक् असा आवाज झाला आणि विझला. त्याआधी बोर्डाला वास येत होता."

"कधीपासून?"

"आठ दिवस. मी दुसऱ्या भोकात प्लग लावायचो. बाबांना सांगितले असते, तर गेम काढून घेतला असता."

बहिणीचा चेहरा उतरला. ती फळी पलंगाखाली, गादीच्या लोंबत्या चादरीला खेटून होती. उलटी करून पाहिली, तर मागील बाजू काळवंडून वितळली होती. आतील पितळी पट्ट्या सैल झाल्या होत्या. अशा सैल जोडातून नऊ वॅटच्या दिव्यापुरती वीज सहज जाते; परंतु शंभरावर वॅट ओढणारे यंत्र सुरू होऊ लागताच दाब कोसळतो, ठिणग्या उडतात आणि जोड तापतो. दिव्याने आम्हांला फसविले ते असे. यंत्र भिंतीतील सॉकेटला थेट जोडले, आणि ते मुकाट्याने सुरू झाले.

भावोजींनी मुलाला एक शब्दही बोलले नाही. त्यांनी फळीची तार पकडीने दोन ठिकाणी कापली, म्हणजे कचऱ्यातून उचलून ती पुन्हा कोणी वापरू नये. मग आय.एस.आय.ची खूण पाहून नवी फळी आणायला ते बाजारात निघाले. मुलाला त्यांनी बरोबर घेतले.