फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?



पावसाळा उतरणीला लागला की गाडीवाल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "मागचे दिवे लागत नव्हते, फ्यूज बदलला, दोन दिवस चालला आणि पुन्हा उडाला." यावर आपल्या इंदूरचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी एक नवा फ्यूज. तोही टिकला नाही, तर मेकॅनिक म्हणतो, "भिया, बड़ा वाला लगा देता हूँ, अब नहीं उड़ेगा."

त्याचं म्हणणं खरं असतं, फ्यूज उडत नाही. त्याऐवजी वायर जळते. म्हणून या वेळी आपल्या सदरात हा विषय घेतला आहे. यात समजायला अवघड असं काही नाही. आठवी-नववीचं विज्ञान आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागतं.

फ्यूज कोणाला वाचवतो?

गाडीतला फ्यूज म्हणजे रंगीत प्लास्टिकमध्ये बसवलेली धातूची बारीक पट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की ती वितळते आणि करंटची वाट बंद होते. किती अँपिअरचा फ्यूज आहे ते रंगावरून कळतं: तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आकडा पाठीवरही छापलेला असतो.

पुष्कळांना वाटतं की फ्यूज बल्बला वाचवतो. खरं तर तो वायरला वाचवतो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट आणि तिप्पट झाला की नऊपट. कंपनीने दहाचा फ्यूज दिला तो त्यामागच्या वायरची जाडी बघून. तिथे तीसचा बसवला, तर त्या पातळ वायरला नऊपट तापायची मोकळीक मिळाली. ही वायर गालिच्याखालून, सीटखालून, प्लास्टिकच्या पॅनलमागून गेलेली असते. सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं तर याहून वाईट, कारण मग फ्यूज उरतच नाही.

आधी हिशेब

वॅट भागिले व्होल्ट, की अँपिअर मिळतात. साध्या बल्बच्या गाडीत पुढचे दोन आणि मागचे दोन पार्किंग दिवे साधारण पाच-पाच वॅटचे असतात. नंबर प्लेटवरचे दोन धरले तर सगळे मिळून ३० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे करंट अडीच अँपिअर. अशा सर्किटवर दहाचा फ्यूज असेल, तर चौपट करंट झाल्याशिवाय तो उडायला नको. तरी उडतोय, याचा अर्थ करंटला कुठेतरी आडवाट मिळाली आहे. एखादी उघडी वायर गाडीच्या पत्र्याला टेकते आहे. यालाच आपण 'शॉर्ट' म्हणतो.

हेडलाइटचं गणित वेगळं आहे. ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर घेतो. हौसेने १०० वॅटचा बसवला की तोच आकडा ८.३ होतो. दोन्ही बाजू एकाच पंधराच्या फ्यूजवर असतील तर बेरीज १६.७ होते. तिथे शॉर्ट शोधत बसू नका, बल्ब मूळ वॅटचे करा.

फ्यूज किती वेळात उडतो यावरूनही फरक कळतो. थोडाच जास्त भार असेल तर तो काही मिनिटं तग धरतो. थेट शॉर्ट असेल तर बटण दाबताक्षणी जातो.

केव्हा उडतो, ते लिहून ठेवा

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'कधीकधी होतं' या तक्रारीला फार घाबरतो. नेहमी होणारी चूक सापडते, अधूनमधून होणारी छळते. त्यावर एकच औषध आहे, नोंद. फ्यूज उडाला त्या क्षणी आपण काय करत होतो ते मोबाइलमध्ये लिहायचं.

माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगते. तो लोकमान्य नगरात राहतो आणि पीथमपूरला नोकरीला आहे. दुसऱ्या पाळीला गेला की परतायला मध्यरात्र होते. त्या रस्त्यावर रात्री सगळे ट्रक-ट्रेलर. दोन आठवड्यांत त्याचे मागच्या दिव्यांचे तीन फ्यूज उडाले. एकदा राऊच्या अलीकडे मागून येणाऱ्या ट्रकने अगदी जवळ आल्यावर करकचून ब्रेक लावला, तेव्हा त्याला कळलं की आपली गाडी अंधारात दिसतच नाही. एका गॅरेजने त्याला दहाच्या जागी वीसचा फ्यूज लावून दिला होता. मावशी म्हणाली, "अगं, त्याला नीट सांग काहीतरी, मला रात्री झोप लागत नाही."

मी त्याला आधी मूळ दहाचा फ्यूज लावायला सांगितलं आणि नोंद ठेवायला सांगितली. आठवड्याने त्याचा फोन आला, "ताई, घरून जाताना कधीच उडत नाही. कंपनीतून बाहेर पडल्यावरच उडतो."

कंपनीच्या गेटवर काय होतं? बाहेर पडताना सुरक्षारक्षक डिकी उघडायला लावतो. त्या वेळी रात्र असते, दिवे लागलेले असतात. जाताना दुपार असते, दिवे बंद. डिकी उघडताना वायर पत्र्याला टेकत असली तरी दुपारी त्या वायरमध्ये करंटच नसतो. एवढ्या एका नोंदीने शोध अख्ख्या गाडीवरून वीतभर जागेवर आला.

तुमच्या नोंदीत काय सापडलं तर काय समजायचं, ते असं:

दिवा लावताक्षणी उडत असेल तर शॉर्ट कायमचा आहे आणि तो सापडायला सर्वांत सोपा.

खड्ड्यात किंवा भेरूघाटाच्या वळणांवर उडत असेल तर एखादी वायर पत्र्याच्या कडेला घासते आहे.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर उडत असेल तर दिव्याच्या घरात किंवा जोडणीत पाणी शिरतं आहे. बल्ब काढून होल्डरमध्ये हिरवट गंज दिसतो का ते बघा.

ब्रेक दाबल्यावर उडत असेल तर ब्रेकचा बल्ब, त्याचा होल्डर आणि तिथली वायर तपासा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या जागी एकाचा कोंबलेला असतो, किंवा तुटलेलं फिलामेंट दुसऱ्यावर पडलेलं असतं.

रिव्हर्स गिअर टाकल्यावर उडत असेल तर मागचा कॅमेरा किंवा रिव्हर्स दिव्याची वायर. पावसाळ्यात यात एक कारण आणखी धरा, बॉनेटखाली मुक्कामाला येणारे उंदीर.

आणि नंतर बसवलेलं काहीही, म्हणजे एलईडी पट्टी, स्टिरिओ, कॅमेरा, जादा हॉर्न, आधी सुटं करून बघा. २०१० मध्ये टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आग लागली होती. चौकशीनंतर कंपनीने जी कारणं सांगितली त्यात बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं हे एक होतं. तरीही त्या नोव्हेंबरात कंपनीने एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत देऊ केलं. मूळ वायरिंगमध्ये चाकूने चीर पाडून जोडलेली एक वायर किती महाग पडू शकते, ते यावरून लक्षात यावं.

बल्बची युक्ती

जागा शोधताना दर वेळी नवा फ्यूज जाळायची गरज नाही. २१ वॅटचा एक बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याची दोन टोकं जोडा. त्या सर्किटवरचे सगळे बल्ब काढून ठेवा आणि मग दिव्याचं बटण लावा.

वायरिंग ठीक असेल तर आपला बल्ब लागणार नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल. करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते आणि आपल्याला निवांत वेळ मिळतो. आता एकेक जोडणी सोडवत जा. शक्य असेल तर मधली जोडणी आधी सोडवा. बल्ब विझला तर दोष त्याच्या मागच्या भागात आहे, नाही विझला तर पुढच्या. दर वेळी निम्मी गाडी बाद होते. हा बल्ब चांगलाच तापतो, सीटवर किंवा प्लास्टिकवर टेकवू नका.

मल्टिमीटरनेही हे होतं. महाराणी रोडवर साधा मल्टिमीटर सहज मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, मोजताना बल्ब काढलेले हवेत. थंड फिलामेंटचा रोध इतका कमी असतो की चांगला बल्बही मीटरला शॉर्टसारखा दिसतो.

मावसभावाच्या गाडीत बल्ब लावून डिकी हळूहळू उघडली. अर्ध्यावर आल्यावर बल्ब पेटला, पूर्ण उघडल्यावर विझला. बिजागरीजवळ वायरी एका रबरी नळीतून डिकीत जातात. ती नळी मागे सरकवली, तर आत नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरीचं आवरण फाटून तांबं दिसत होतं. हजारो वेळा उघडझाप होऊन वायर तिथेच मोडत आली होती. जुन्या हॅचबॅक गाड्यांत ही जागा सर्वांत आधी बघावी.

दुरुस्ती, आणि कुठे थांबायचं

सापडल्यावर नुसती टेप गुंडाळून सोडू नका, उन्हाने ती सुटते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर जोडा, सोल्डर करा आणि गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. बिजागरीजवळ वायरीला थोडी ढील ठेवा. शेवटी मूळ अँपिअरचाच फ्यूज लावा. हे हाताने जमत नसेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे जा, पण नोंद घेऊन जा. "डिकी उघडल्यावर उडतो" एवढं एक वाक्य त्याचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचवतं.

काही ठिकाणी हात घालायचाच नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो. नव्या गाड्यांत पुष्कळदा दिवे कॉम्प्युटरवर चालतात, तिथे बल्बची युक्तीही करू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

शेवटी एक छोटं काम सांगते. मागचे दिवे गेलेत हे चालवणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही. आज अंधार पडल्यावर गाडीचे दिवे लावा, कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. डॅशबोर्डमध्ये मूळ अँपिअरचे दोन फ्यूज ठेवा. घरातलं कोणी रात्री उशिरा हायवेवरून येत असेल, तर त्याच्या गाडीभोवतीही एक चक्कर मारा.

पुढच्या महिन्यात भेटू.